खोललेल्या इंजिनापुढे

मे महिन्यातली सकाळ धरा. वसमतकडची. हळद उकडून, वाळवून, पॉलिश होऊन गेली आहे आणि मृगाला अजून तीन आठवडे आहेत. ट्रॅक्टरला वर्षातून सुट्टी अशी एवढीच. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन उतरवलंय. हेड लाकडी फळीवर उलटं ठेवलंय. पिस्टन पोत्यावर ओळीनं मांडलेत, कोणता कितव्या सिलिंडरचा ते खडूनं लिहून. मिस्तरी चहाला गेलाय. तुम्ही बसा. पान्याला हात लावू नका.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. पन्नासाचं इंजिन आहे, खोललंच आहे तर टर्बो लावून साठाचं करून टाकू. रोटाव्हेटर जरा खोल लावला की धाप लागते, ती लागणार नाही. इच्छा वाईट नाही. तिला थोडा वेळ त्या पिस्टनांच्या शेजारीच बसू द्या.

आता डोळे मिटा. ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं. पुढच्या सेकंदाला पुन्हा. त्याच्या पुढच्या सेकंदाला पुन्हा. ही एक अश्वशक्ती. जेम्स वॅटनं हे माप घोड्यावर बेतलं, आणि घोड्याच्या बाबतीत जरा हात सैल सोडूनच बेतलं. साधा घोडा दिवसभर एवढं ओढू शकत नाही. अशी पन्नास ओझी एकाच वेळी वर जाताना पाहा. साठ म्हणताना तुम्ही त्यात आणखी दहा टाकताय. ती कुणाच्या पाठीवर?

डोळे उघडा आणि एकच पिस्टन पाहा. समजा, त्याचा व्यास १०० मिलिमीटर. आत डिझेल पेटतं तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोचा दाब धरला, तरी पिस्टनच्या टाळूवर सुमारे साडेपाच टन येतात. इंजिन दोन हजार फेऱ्यांनी चाललं तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा. दहा तासांच्या नांगरटीत सहा लाख वेळा. आणि दर फेरीत पिस्टन दोनदा थांबतो, एकदा वर, एकदा खाली. सेकंदाला साठाच्या वर थांबे. सगळ्यात जास्त झीज वरच्या थांब्यापाशी होते. पटत नसेल तर लायनरमध्ये बोट घाला. वरून थोडं खाली, जिथे वरची रिंग उलटी फिरते तिथे, नख अडकतं. तिथे उष्णता सगळ्यात जास्त आणि तेलाचा थर सगळ्यात पातळ. खाली बोट नेलं की भिंत गुळगुळीत, जवळपास नव्यासारखी. नख त्या कडेवर जरा वेळ राहू द्या. तुमचं मागचं सगळं वापरणं तिथे लिहिलेलं आहे.

माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतलं होतं. गॅरेजवाल्यानं अर्ध्या तासात केलं, पैसेही फार घेतले नाहीत. दोन दिवस ट्रॅक्टर असा चालला की बांधावरून लोक बघत. धूर काळा येत होता. मला तो जोर वाटला. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे आत हवा कमी पडतेय, एवढं साधं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. जळणाऱ्या डिझेलची साधारण एक तृतीयांश ताकद चाकाकडे जाते. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. मी डिझेल वाढवलं होतं, बाहेर पडायची वाट तेवढीच ठेवली होती. एप्रिलच्या उन्हात, भुशानं निम्मी बुजलेली रेडिएटरची जाळी घेऊन, हेड गॅस्केट गेलं आणि एका पिस्टनची टाळू वितळली. तो पिस्टन अजून माझ्या देवळीत आहे. पाहुणे विचारतात, मी विषय बदलतो.

अमेरिकेत जुन्या मसल कार बांधणारे लोक आहेत, तेही याच घाटातून जातात. १९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ चं इंजिन ७.४ लिटरचं आणि सगळ्यात जोरकस रूपात ताकद छापलेली ४५० अश्वशक्ती. तो आकडा इंजिन स्टँडवर एकटं ठेवून, पंखा, फिल्टर असं ओझं काढून मोजलेला होता. १९७२ पासून मोजणी गाडीत बसवल्यासारखी होऊ लागली आणि कागदावरचे घोडे एका वर्षात धाडकन कमी झाले. जाणता बांधणारा आधी विचारतो, आत हवा किती येणार? मग विचारतो, हा जोर किती वेळ लागणार? त्यांना शर्यतीचा पाव मैल पुरतो. आपल्याला सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत लागतो. म्हणून त्यांचा आकडा आपल्या शेडमध्ये चालत नाही, त्यांचे प्रश्न मात्र चालतात.

मिस्तरी आला. आता तो काय करतो ते नीट पाहा. क्रँक धुऊन, तेल पुसून, दोरीनं आढ्याला टांगतो. छोटी हातोडी घेतो आणि टकटक करत जातो. घडीव लोखंडाचा क्रँक घंटेसारखा वाजतो, आवाज लांबतो. कुठे तो बद्द आला की मिस्तरी थांबतो, मान तिरकी करतो, पुन्हा वाजवतो. बारीक चीर कानाला कळेलच असं नाही. त्यासाठी चुंबकाची तपासणीच हवी आणि मोठ्या वर्कशॉपात ती करून घ्यावी. पण पहिला कौल कानाचा.

हा आवाज ऐकताना मला दर वेळी गोरोबाकाका आठवतात. कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संतांचा मेळा बसला होता, मुक्ताबाईंनी विचारलं की यात पक्कं मडकं कोणतं नि कच्चं कोणतं, आणि गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. नामदेव तेवढे कळवळले. कच्चं ठरले. मग ते गुरू शोधत औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. नामदेवांची नर्सीही आपल्याच जिल्ह्यात, औंढाही आपल्याच जिल्ह्यात, म्हणून ही कथा आम्हाला जरा जास्त घरची वाटते. मला त्यात आवडतं ते हे, की विठ्ठलाशी बोलणाऱ्या माणसालाही थापटणं चुकलं नाही. नवा टर्बो आणलेल्या माणसाचा क्रँक कोण सोडणार?

जमिनीवर या. क्रँकचा गोल भाग बोटांत धरा, मग बेअरिंगचं अर्धं वाटीसारखं कवच पाहा. साठ मिलिमीटरच्या शाफ्टला दोघांत जागा ठेवायची ती सुमारे सहा शतांश मिलिमीटर. डोक्याचा एक केस उपटून पाहा, जवळपास तेवढी. इंजिन चालू असताना त्या फटीत तेल असतं आणि लोखंड लोखंडाला टेकत नाही. साडेपाच टन त्या तेलावर उभे असतात. फट कमी झाली तर तेल शिरत नाही, जास्त झाली तर तेल टिकत नाही. साठाचं इंजिन करायचं म्हणजे त्या थरावर आणखी भार टाकायचा. मापाचंच बोलायचं तर औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे, चार चार किलोमीटरच्या दोन भुजांची. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपण्यासाठी. आपल्याला सहा शतांश मोजायचेत आणि आपण अंगठ्यानं बेअरिंग हलवून ‘बसतंय’ म्हणतो.

म्हणून आता मनातली यादी उलटी वाचा. टर्बो सगळ्यात वर होता, तो आता तळाला जाऊ द्या. आधी क्रँक, बेअरिंग, तेलाचा पंप. मग लायनर आणि रिंगा. मग पाणी, रेडिएटर, पंख्याचा पट्टा. मग हवा. मग डिझेल. मग क्लच आणि गिअरबॉक्स, जे पन्नासासाठीच बनलेत आणि ज्यांना तुम्ही काहीच विचारलेलं नाही. एवढं करून झाल्यावर साठ हवेत का, ते पुन्हा विचारा. माझ्या बाबतीत उत्तर त्रेपन्न-चोपन्न असं काहीतरी आलं. खरं म्हणजे घासलेल्या इंजिनाचे हरवलेले पन्नासच परत मिळाले असावेत, आणि रोटाव्हेटरला तेवढे पुरले.

मिस्तरी क्रँक लेथवर न्यायला निघालाय. इंचाच्या हजारांशात दहाला घासून भागेल की विसाला जावं लागेल, ते तिकडे मायक्रोमीटर लावल्यावर ठरेल. तोवर दुकानात फोन करून बेअरिंगचा सेट मागवू नका. माप आल्यावर कागदावर लिहून घ्या, तो कागद घेऊन जा.