फारोचे मन आणि वर्ध्याचे उपोषण

1934 या एका वर्षात गांधीजींनी पाप आणि शासन यांचा हिशेब दोनदा मांडला. एकदा बोलून, एकदा उपाशी राहून. नोव्हेंबर 1933 मध्ये वर्ध्याहून त्यांची हरिजन यात्रा निघाली. ती दक्षिणेत असताना 15 जानेवारीला भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला आणि 24 तारखेला तिरुनेलवेलीच्या सभेत ते म्हणाले, हे अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे ईश्वरी शासन आहे. यात्रा संपवून ते वर्ध्याला परतले आणि 7 ऑगस्टपासून सात दिवस त्यांनी अन्न सोडले. निमित्त होते अजमेरचे. यात्रेला विरोध करणारे सनातनी स्वामी लालनाथ यांना तिथल्या सभेत सुधारकांच्या बाजूच्या लोकांनी मारहाण केली होती. कुणाला पाषाणहृदयी ठरवायचेच, तर लालनाथ समोर उभे होते. प्रायश्चित्त मात्र गांधीजींनी स्वतःच्या पक्षाचे घेतले. भूकंपाबद्दलचे विधान त्यांनी मागे घेतले नाही, त्यामुळे हा मतपरिवर्तनाचा दाखला ठरत नाही. पण या दोन कृतींमधले अंतर ख्रिस्ती धर्मशास्त्राला कित्येक शतके चालावे लागले आहे. हट्टी मनावर देवाचा कोप ही कल्पना तिथे दुसऱ्याबद्दलच्या निकालापासून सुरू होते आणि हळूहळू ऐकणाऱ्याच्याच दारात येऊन बसते.

सुरुवात बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात आहे. मिसरचा राजा फारो इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला तयार नाही. दहा आपत्ती येतात, तरी त्याचे मन वळत नाही. वाचकाला खटकते ते वेगळेच. मोशे दरबारात पाऊल टाकण्याआधीच परमेश्वर त्याला सांगून ठेवतो की मी फारोचे मन कठीण करीन. मग दोष कुणाचा आणि शिक्षा कशाची? मजकूर बारकाईने वाचला तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. बेडकांची पीडा सरली, जरा उसंत मिळाली, की फारो आपण होऊन मन कठीण करतो. गोमाश्यांनंतर पुन्हा तेच. परमेश्वराने त्याचे मन कठीण केले, असे प्रत्यक्ष घडल्याची नोंद पहिल्यांदा येते ती सहाव्या, गळवांच्या पीडेनंतर. आणि गारांनंतर पुन्हा फारो स्वतःच. म्हणजे हट्ट आधी निवडला जातो, मग अंगवळणी पडतो आणि मग त्यातून सुटताच येत नाही. संकटापेक्षा दिलासा मिळताच मन अधिक घट्ट होते, हे कथाकाराने अचूक टिपले आहे. सत्तेवर बसलेल्या माणसांबद्दल याहून नेमके निरीक्षण जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. तरी मोशेला आधीच दिलेली ती सूचना यातून पुसली जात नाही, आणि ती पुसू नये. कथा सांगणारे गुलामांचे वंशज होते. जुलमी राजाचा हट्टसुद्धा देवाच्या हाताबाहेर नाही, एवढा आधार त्यांना हवा होता. फारोच्या इच्छास्वातंत्र्याची काळजी करण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

पुढे संदेष्ट्यांनी ही कल्पना उलटी फिरवली. आमोस दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची पापे एकामागून एक वाचतो. ऐकणारे माना डोलावत असणार, आणि मग यादीत यहूदा येतो, शेवटी खुद्द इस्राएल. त्या एका देशाला तो सर्वांहून अधिक वेळ देतो. यहेज्केल पाषाणाचे हृदय काढून मांसाचे देण्याचे वचन सांगतो, पण ते पाषाणहृदय बाबेलच्या विजेत्यांचे नाही, हद्दपार झालेल्या स्वकीयांचे आहे. योनाच्या छोट्या पुस्तकात तर निनवेचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो आणि हट्टी म्हणून उरतो तो एकटा संदेष्टा. शत्रूला क्षमा झाली म्हणून तो रुसून बसलेला. मार्काच्या शुभवर्तमानात परूश्यांच्या कठोर मनाचा येशूला खेद होतो, पण कठीण मनाचा ठपका पुढे दोन वेळा येतो तो त्याच्या शिष्यांवरच. आणि लूकने तेराव्या अध्यायात जे नोंदले आहे त्यापुढे आपत्तीला शिक्षा म्हणणाऱ्या कुणालाही थांबावे लागते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती असे समजता का, असे येशू विचारतो, आणि नाही म्हणून लगेच ऐकणाऱ्यांना सांगतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा निकाल तो देत नाही. जिवंतांना मात्र सोडत नाही.

या वाटचालीवर एक मोठा आक्षेप पौलाच्या नावाने घेतला जातो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो म्हणतो की देव ज्याच्यावर हवी त्याच्यावर दया करतो आणि हवे त्याला कठीण करतो. कुंभाराला मातीने जाब विचारू नये. इथून ऑगस्टीनने काही जणांच्या निवडीचा सिद्धांत उभारला. त्याआधी तिसऱ्या शतकात ओरिगेनने वेगळे उत्तर दिले होते: एकाच उन्हाने मेण वितळते आणि चिखल वाळतो. 1524 मध्ये इरॅस्मसने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, पुढच्या वर्षी ल्यूथरने ती खोडून काढली, आणि फारो पुन्हा साक्षीला बोलावला गेला. माझ्या मते हा सगळा वाद पौलाला अर्ध्यावर सोडून पुढे गेला. अकराव्या अध्यायात पौल सांगतो की इस्राएलाचे कठीण होणे अंशतः आहे, काही काळापुरते आहे आणि शेवट सर्वांवरच्या दयेत आहे. आणि आत घेतल्या गेलेल्या परकीयांना बजावतो की गर्व करू नका, भय धरा. नवव्या अध्यायातला निकाल अकराव्यात वाचकाला दिलेला इशारा होतो.

आता पुन्हा 1934 कडे येऊ. लंडनमध्ये जुना करार वाचताना झोप येई आणि डोंगरावरचे प्रवचन मात्र थेट हृदयाला भिडले, असे गांधीजींनीच आत्मकथेत सांगितले आहे. तिरुनेलवेलीचे त्यांचे वाक्य मात्र त्या झोप आणणाऱ्या भागाच्या अधिक जवळचे होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला हरकत घेतली आणि गांधीजींनी ती 16 फेब्रुवारीच्या आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली. नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच असतात, हा रवींद्रनाथांचा एक मुद्दा. दुसरा अधिक बोचरा, की असला युक्तिवाद विरोधकांच्याच मनोवृत्तीला जास्त मानवणारा आहे. भूकंप गांधीजींच्या चळवळीमुळेच झाला, असे सनातन्यांना तितक्याच सहज म्हणता येते. गांधीजींच्या बाजूने सांगता येईल की ते ‘आपले’ पाप म्हणाले, बोट दुसऱ्याकडे दाखवले नाही. हे खरे. पण बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य माणसेही होती आणि ज्या पापाचे ते बळी, त्याचेच शासन त्यांना झाले असा हिशेब निघतो. ‘आपले’ या शब्दाला तेवढा पसारा पेलत नाही. त्याच भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धेने ख्रिस्ती होते. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी ग्रामोद्योगाचे काम उभे केले. शिलोहाच्या बुरुजाबद्दल येशूने जे सांगितले, त्याला मदतीच्या पैशाचा चोख हिशेब हे अधिक सरळ उत्तर होते. ऑगस्टच्या उपोषणात ही अडचणच येत नाही. तिथे शासन भोगणारा आणि पापाची जबाबदारी घेणारा एकच आहे.

तरीही या युक्तिवादाला एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत जड आहे. निकाल स्वतःवरच घ्यायचा, तर ज्याच्या मानेवर जू आहे त्याने काय करायचे? मालकाचे हृदयपरिवर्तन होईतो थांबायचे? वर्ध्यात परिवर्तन अगदीच घडले नाही असे नाही; 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. पण एका मंदिराचे दार आणि गावोगावचा पाणवठा यांत फार अंतर होते. डॉ. आंबेडकरांनी हे ओळखले आणि सवर्णांच्या मनावर आपल्या लोकांचे भवितव्य टांगून ठेवायला ते तयार झाले नाहीत. 1981 साली बंगळूरमध्ये अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली, पुढे त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या गुलामीच्या कबुलीचा आधार घेतला, तोही याच बाजूने. म्हणून कठीण मनाचा निकाल स्वतःवर घेण्याचा नियम सत्ताधाऱ्यांना, सुधारकांना, धर्मगुरूंना लागू आहे, गुलामाला नाही. गुलामाला उपदेश करण्यासाठी तो वापरणे ही शास्त्राची चोरी आहे. निर्गमात फारोचे मन शेवटपर्यंत बदलत नाही. लोकांना सोडल्यावरही तो रथ घेऊन मागे धावतो, आणि लोक तरीही सुटतात. 1935 मध्ये येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात, लाखो लोक कुणाच्या मनाची वाट न पाहता त्यांच्यामागून धर्म सोडून बाहेर पडले.