दगड वाहणारा सेनापती



2001 साली प्रदर्शित झालेला ‘द लास्ट कॅसल’ हा अमेरिकन चित्रपट एका लष्करी तुरुंगाची कथा सांगतो. तुरुंगाधिकारी कर्नल विंटर ह्याच्या हाती सारी सत्ता आहे. कैदी त्याचे भय धरतात, पण मनापासून त्याला मान देत नाहीत. जनरल अर्विन हा तर पद गमावलेला, केवळ एक कैदी. एका दुर्बळ कैद्याचा कैवार घेतल्याबद्दल त्याला दगड वाहावयास लावले जाते, आणि त्या ओझ्याखाली वाकलेला असतानाच तो सर्वांचा पुढारी होतो.

जो थोर होऊ पाहतो त्याने सेवक व्हावे, असे प्रभू येशूने शिकविले (मार्क 10:42-45). परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. अर्विनने जिंकलेली मने बंडाकडे वळविली. त्यात रक्त सांडले व तोही मेला. प्रभूने मात्र शिष्याला तलवार म्यानात घालावयास सांगितले, देवदूतांच्या सेना मागविल्या नाहीत (मत्तय 26:52-53), आणि एकट्याने प्राण दिला.

आपल्या मंडळ्यांतही पदांसाठी तंटे होतात, अन्यायाविरुद्ध गट उभे राहतात. अन्याय उघड बोलून दाखवावाच. पण पुढे होणाऱ्याने प्रथम प्रभूसमोर स्वतःस विचारावे: मी कोणाचे ओझे वाहिले आहे? आणि माझ्या लढ्याची किंमत कोण देणार आहे?