उशिराचा पाऊस आणि कर्तेपणाचा प्रश्न

ऑगस्टभर ताण सोसलेल्या पिकावर सप्टेंबरअखेर पाऊस पडला, तर त्याचे काय होणार हे पीक वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते. पाणी तुटले की पानांवरची रंध्रे मिटतात, अन्न तयार होणे मंदावते आणि झाड फुले व कोवळ्या शेंगा गाळून टाकते. गळालेले फूल नंतरच्या पावसाने परत येत नाही. टिकलेल्या शेंगेतला दाणा मात्र भरू शकतो. त्यामुळे एकाच शिवारात एकच सर वेगवेगळी फळे देते. उशिरा पेरलेले, अजून हिरवे असलेले सोयाबीन तिच्यामुळे सावरते. वेळेवर पेरून काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांत दाण्याला कोंब फुटतात, उरलेला माल काळा पडतो. तुरीचा फुलोरा पुढे असतो, म्हणून तिला ही ओल बहुधा लाभते. ताणामुळे खुंटलेल्या ज्वारीला बुडाशी कोवळे धुमारे फुटतात. ते जनावराने खाल्ले तर त्यांतून पोटात तयार होणाऱ्या सायनाइडने ते दगावू शकते. कोरड्या महिन्यांतून तगलेली गाय पाऊस पडल्यावर मरावी, ही गोष्ट पावसाला सरसकट कृपा मानणाऱ्या विचाराला जड जाते.

पाऊस हे कोणाच्या तरी पुण्याचे किंवा पापाचे फळ असेल, तर वेळेवर पेरणाऱ्याला शिक्षा आणि रेंगाळलेल्याला बक्षीस कसे? या प्रश्नावर भारतीय परंपरा एका सुरात बोलत नाही. गीतेचा तिसरा अध्याय अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून अशी साखळी मांडतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात गोवर्धनाच्या प्रसंगी तोच कृष्ण नंदाला सांगतो, की मेघ रजोगुणाच्या प्रेरणेने सगळीकडे बरसतात, त्यात इंद्राचे काय काम? भाष्यकार या दोन विधानांचा मेळ घालू शकतात आणि घालतातही. पण त्यातले ‘सगळीकडे’ महत्त्वाचे आहे: ढग शेत पाहून बरसत नाही.

सर्वांत नेमके उत्तर मात्र महाभारताच्या वनपर्वात, द्रौपदीच्या तोंडी आहे. युधिष्ठिराशी वाद घालताना ती शेतकऱ्याचे उदाहरण देते. तो नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो. पुढचे कारण पाऊस. पावसाने कृपा केली नाही, तर त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, कारण माणसाने करायचे ते त्याने केलेले असते. इथे प्रयत्नाचा आग्रह आहे आणि अपयशाची अपराधी भावनाही झटकलेली आहे. बुडालेल्या पिकाचा मालक स्वतःलाच बोल लावतो, तेव्हा हा निवाडा त्याच्या बाजूने उभा राहतो; सोसायटीचे कर्ज मात्र त्याने फिटत नाही.

कारण धान्याला भावही असतो, आणि भाव आभाळातून पडत नाही. सोलापूर-मंगळवेढ्याच्या भारी काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी मुख्यतः उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या ओलीवर पेरली जाते आणि साठलेल्या ओलाव्यावरच पिकते. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. हस्ताचा पाऊस चांगला झाला, की पुढच्या पिकाच्या भरवशावर साठेवाला माल बाहेर काढतो आणि भाव नरमू लागतो, नवा दाणा खळ्यावर येण्याच्या कितीतरी आधी. ज्याचे खरीप गेले त्याला धान्य विकत घ्यायचे असते, म्हणून ही नरमाई त्याच्या फायद्याची. ज्याच्याकडे थोडे पिकले आणि हातउसने फेडण्यासाठी ते आत्ताच विकायचे आहे, त्याला मात्र तोच पाऊस महागात पडतो.

म्हणून कर्तेपणाचा प्रश्न राजाकडे येतो. शांतिपर्वात भीष्म सांगतो, की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याबद्दल शंका नको. राजाच काळाचे कारण आहे. धर्माने राज्य केले तर वेळेवर पाऊस पडतो, हा त्याचा जुना अर्थ ढगांच्या बाबतीत टिकत नाही. धान्याच्या बाबतीत तो बराच टिकतो. कौटिल्याने कोठारातला अर्धा साठा प्रजेच्या संकटासाठी राखायला सांगितले, आणि नंतरच्या दुष्काळांनी या सल्ल्याची किंमत दाखवून दिली. आजचा राजा साठ्याबरोबर निर्यातीचे दारही हाताळतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर जुलैतच बंदी आली होती. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. सप्टेंबरमध्ये पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला, तरी तांदळावरची बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला. अशा निर्णयाने खाणाऱ्याचे रक्षण होते आणि पिकवणाऱ्याचा चढा भाव हुकतो. दोघांपैकी कोणाला झुकते माप द्यायचे, हा निर्णय माणसांचा आहे. त्याला दैव म्हणणे ही सोयीची पळवाट आहे.

मंगळवेढ्याचीच दामाजीपंतांची कथा याच जागी बोट ठेवते. बहामनी अमलात दुष्काळ पडला आणि सरकारी कोठाराचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी हुकमावाचून धान्य लोकांना वाटले. बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा विठ्ठल महाराच्या वेषात बिदरला गेला, धान्याची किंमत भरून त्याने पावती घेतली, असे महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. भक्तासाठी धावलेल्या या देवाने पाऊस पाडला नाही. दामाजीपंतांच्या हातून लोकांपर्यंत पोहोचलेल्या धान्याचा हिशेब त्याने चुकता केला.