चुन्याची बोटं

बहात्तरचा दुष्काळ सोसलेली माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. तेव्हा विहिरीच्या तळाशी प्यायपुरतं पाणी असे, पण कणगीत दाणा नसे. आधीची दोन सालं पावसानं हात आखडता घेतला होता, १९७२ ला त्यानं पाठच फिरवली. बालाघाटाच्या डोंगरालगतच्या एका गावातल्या म्हातारीची ही गोष्ट त्याच सालातली.

म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दारात म्हैस होती तेव्हा दुधाच्या रतिबाचा हिशेब ती भिंतीवर ठेवी. ज्याच्या घरी दूध गेलं त्याच्या खुणेखाली चुन्याचं एक बोट ओढायचं. खुणाही तिच्याच होत्या. सुताराच्या घराला पटाशी, गुरवाच्या घराला बेलाचं पान. दिवाळीआधीच म्हैस बाजारात मातीमोलानं गेली आणि चुन्याची डबी कोनाड्यात पडून राहिली.

मुलगा आणि सून पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. मुलगा टिकाव मारी, सून मातीच्या पाट्या वाही. लहानग्या नातीला तिथं मूठभर सुकडी मिळे. दोघं दिवस मावळता घरी आली की म्हातारी सुनेला विचारी, “आज कुणाकुणाचं घेतलंस?”

सुनेला आधी कळेचना. “मी कुणाचं काय घेणार आत्याबाई? घ्यायला हाय काय कुणाकडं?”

“पाटी डोक्यावर कुणी दिली?”

“सुताराच्या थोरलीनं.”

म्हातारीनं कोनाड्यातली डबी काढली आणि पटाशीखाली एक बोट ओढलं. मग हे रोजचंच झालं. कुणी विहिरीवर पोहरा आधी भरू दिला, कुणी टिकावाचा तुटका दांडा बसवून दिला. एके दिवशी नातीला उन्हानं भोवळ आली, तर वेशीबाहेरच्या वस्तीवरच्या हलगीवाल्याच्या बायकोनं तिला आपल्या पालाखाली निजवलं, स्वतःच्या गाडग्यातलं पाणी पाजलं. त्या घराची खूण भिंतीवर नव्हती. म्हातारीनं वाटोळी हलगी काढली आणि तिच्याखाली दोन बोटं ओढली. एक सावलीचं, एक पाण्याचं.

मुलगा वैतागे. त्याच्या हाताला फोड आलेले, घरात मीठ-मिरचीची मारामार, आणि ही म्हातारी भिंत रंगवत बसलेली! “असल्या दिवसात कसले उपकार मोजतीस माय?”

“वाण्यानं उधारी लिहिली तर तो हिशेब, मी लिहिली तर येडेपणा व्हय रं?”

त्या वर्षी रेशनवर मिलो मिळे. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरे आणि घास घशाखाली उतरताना जीव घाबरा होई. सारा गाव तिला शिव्या देत देत खाई. नातीनं विचारलं, “आज्जी, मिलोचं बोट ओढायचं का?” म्हातारीनं बराच विचार केला. “पोट भरलं, म्हून ओढायचं. पण चव काई चांगली न्हाई. अर्धंच ओढ.”

हे अर्धं बोट मला फार मोलाचं वाटतं. कृतज्ञ माणसानं सगळंच गोड मानून घ्यावं, असं पुष्कळांना वाटतं. म्हातारी तेवढी भोळी नव्हती.

होळीच्या सुमाराला मुकादमानं मापात मारायला सुरुवात केली. खड्डा किती खोल खणला हे कळावं म्हणून मधोमध मातीचा एक खुंट न खणता साक्षीला सोडलेला असतो. मुकादम रात्रीतून या खुंटांची डोकी छाटून घेई आणि सकाळी खोली कमी भरली म्हणून मजुरी कापी. सगळ्यांना समजत होतं, पण बोलायचं कुणी? हजेरीपटातून नाव उडालं तर चूल विझायची. जो तो आपापला तोटा मुकाट्यानं गिळत होता.

त्या रात्री मुलगा कडवट होऊन म्हणाला, “घे डबी आणि ओढ मुकादमाचंबी बोट! तुला तर सगळ्यांचेच उपकार दिसतात.”

“त्याला न्हाई,” म्हातारी ताडकन म्हणाली. “दिलं त्याचं ओढायचं. लुबाडलं त्याचं कशाला?”

“मग काय करू? एकला जाऊन भांडू? या गावात आपलं हाय कोण? उद्या उठून मुंबईला जातो, गोदीत हमाली करतो.”

म्हातारीनं कंदील उचलून भिंतीपुढं धरला. “आपलं कोण ते हितं मांडलंय. वाच.”

मुलगा पाहत राहिला. पटाशीखाली बोटांची रांग लागली होती. बेलाच्या पानाखाली सात-आठ, हलगीखाली त्याहून जास्त. तलावावर या सगळ्यांशी रोज खांद्याला खांदा लागत होता, पण आपल्या हालअपेष्टांपुढं त्याला एकाचंही तोंड धड दिसलं नव्हतं. कंदील घेऊन तो तसाच बाहेर पडला. आधी सुताराकडं, मग गुरवाकडं. हलगीवाल्याच्या उंबऱ्याशी मात्र तो जरा घुटमळला, कारण आपल्या घरातल्या कुणी आजवर तो ओलांडला नव्हता. मग आत गेला आणि घोंगडीवर बसला.

सकाळी ओव्हरसियर आला तेव्हा पंचवीस-तीस माणसं खड्ड्यांच्या काठावर उभी होती. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. “साहेब, आमच्यासमोर माप घ्या,” एवढंच. ओव्हरसियरनं खाली उतरून खुंट पाहिले. खुंटावरचं वाळकं गवत गेलेलं, वरची माती ताजी कापलेली. इतक्या माणसांची नावं एकदम उडवता येणार नव्हती, आणि त्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं राबत असताना कुठल्याच साहेबाला आपल्या कामावर बोभाटा नको होता. पुढच्या पगाराला कापलेले पैसे मिळाले. मुकादम दुसऱ्या कामावर गेला. तिथं तो सुधारला असेल असं मला वाटत नाही.

१९७३ ला पाऊस बरा झाला. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली तेव्हा म्हातारीनं सुनेला मापटं आणायला सांगितलं. एका बोटाला एक मापटं. मुलगा आता काही बोलला नाही, पोतं खांद्यावर घेऊन तिच्यामागून घरोघर फिरला. सुताराची थोरली लाजली. “पाटीला हात लावला, त्याचं काय एवढं?” म्हातारीनं तिच्या सुपात ज्वारी ओतली आणि म्हणाली, “तुला जड न्हवती, माझ्या सुनेला व्हती.” हलगीवाल्याच्या घरी मापटी मोजून झाल्यावर तिनं पाणी मागितलं आणि तिथंच बसून प्यायली. वेशीच्या आत त्यावरून चार दिवस कुजबुज झाली.

शेवटी अर्धं बोट उरलं. अर्ध्या मापट्याचं चिपटं भरून म्हातारी पारावर गेली. मिलो पिकवणारा शेतकरी सातासमुद्रापलीकडचा, त्याला द्यायचं कसं? पारावर परमुलखातला एक धनगर मेंढरं थांबवून बसला होता. त्याच्या पदरात तिनं ते चिपटं रिकामं केलं.

“मला कशापायी माय? मी तर तुमच्या वळखीचाबी न्हाई.”

“म्हून तर,” म्हातारी म्हणाली.

गावात तिला कुणी संत म्हणत नाही. हिशेबाला पक्की बाई होती, एवढंच सांगतात.