शिवी कोणाला लागते?

पेण-रोह्याकडची म्हातारी माणसे रागावली की 'मेल्या' म्हणतात. फारच संतापली तर 'तुझे तळपट होवो!' ऐकायला कठोर खरे, पण त्यात एक न्याय आहे. ज्याने आगळीक केली, तळपट त्याचेच. (नातवाला म्हटलेल्या 'मेल्या'त तर लाडच अधिक.)

इकडे अलिबागजवळ आक्षीला गधेगाळीचा दगड आहे. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि स्त्री: राजाने दिलेले दान मोडील त्याला ही शिवी. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा शके 1108 चा, म्हणजे इ. स. 1187 चा, लेख संस्कृतात आहे; शिवी तेवढी मराठीत! ती समजायलाच हवी ना? पण दान मोडणार कोणी अधिकारी, आणि विटंबना त्याच्या आईची. तिने कोणाची जमीन लाटली होती? राजाजवळ सैन्य होते, कारभारी होते. तरी दानाच्या राखणीला त्याने बसवली ती एका निरपराध बाईची अब्रू.

शिमग्याला होळीभोवती बोंब ठोकणारी आमची पोरे अजून तीच आई शोधतात. "सणच आहे, चालायचेच," असे वडीलधारे म्हणतात. ओटीवरच्या बायका तेवढ्यापुरत्या आत जातात.