राधानगरीचा तलाव कुणाचा?

जुलै लागला की राऊतवाडीच्या धबधब्याकडे कोल्हापूरच्या गाड्यांची रीघ लागते. भाजलेलं कणीस, गरम भजी, अंगावर तुषार, आणि जो तो म्हणतो, काय निसर्ग आहे! धबधब्यापुरतं ते ठीकच. पण तीच मंडळी पुढे लक्ष्मी तलावाच्या काठावर उभी राहून तेच म्हणतात, तेव्हा एका माणसाचं श्रेय आपण परस्पर ढगांच्या नावावर जमा करतो.

हा तलाव म्हणजे भोगावती नदीवरचं धरण. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते हाती घेतलं; पैशाअभावी काम रखडलं, १९२२ मध्ये महाराज गेले आणि ते पुरं झालं थेट स्वातंत्र्यानंतर. काठचं रानही आपसूक टिकलेलं नाही. संस्थानाने ते शिकारीसाठी राखलं होतं. ज्याला मारायचं त्याच्यासाठीच रान सांभाळायचं, असा तो उफराटा न्याय. पण त्यामुळेच गवा वाचला आणि १९५८ मध्ये त्याच्यासाठी दाजीपूर अभयारण्य झालं. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं.

इकडे धरणाचं काम चालू होतं, त्याच काळात अमेरिकेत योसेमिटी उद्यानातल्या हेच हेची खोऱ्यात धरण बांधण्यावरून रण पेटलं होतं. निसर्गरक्षणाचे पुरस्कर्ते जॉन म्यूर विरोधात उभे राहिले, पण १९१३ मध्ये कायदा होऊन सॅन फ्रान्सिस्कोला धरणाची परवानगी मिळाली. तिथले निसर्गप्रेमी त्या जलाशयाकडे पाहून आजही हळहळतात. आपण आपल्या जलाशयापुढे सेल्फी काढतो. मला दोन्ही नजरा अपुऱ्या वाटतात. म्यूर ज्याला अस्पर्श म्हणत, त्या रानातही मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होतेच. आणि आपल्याला पाणी दिसतं, त्यामागचा हिशेब दिसत नाही.

तो हिशेब ऑगस्टमध्ये कळतो. धरण काठोकाठ भरलं की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच भाराने एकेक करून उघडतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ एवढी बातमी आली की भोगावती ज्या पंचगंगेला मिळते तिच्या काठी पुढचा प्रश्न ठरलेला: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. वर ज्याचे तुषार झेलले, तेच पाणी खाली उंबऱ्याशी येतं. २०१९ मध्ये ते उंबरा ओलांडून घरात शिरलं.

मे महिन्यात तलाव आटतो, तांबडे काठ उघडे पडतात. तेव्हा तिकडे कोण फिरकतो? ते पाणी भोगावतीच्या काठाने उसात गेलेलं असतं, पंचगंगेकाठच्या नळांना आलेलं असतं. शाहू महाराजांनी तलाव बांधायला घेतला तो याचसाठी. फोटो काढायचाच तर तेव्हा जाऊन काढावा, गर्दीही नसते.