समोरचा काठ

निवृत्त होऊन तिसरा आठवडा होता. पुण्याहून मुलाचा फोन आला. ‘‘बाबा, बकेट लिस्ट केली का?’’ मी म्हटलं, ‘‘घरात बादल्या दोन आहेत, त्यातली एक गळते.’’ तो काही हसला नाही. मरायच्या आधी करायच्या गोष्टींची यादी करायची, आणि झालेल्या गोष्टीवर काट मारायची, असं त्याने मला समजावून सांगितलं.

यादी मला नवी नाही. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत माझं आयुष्य स्टोअर्समध्ये गेलं. शक्तिमान ट्रकचे नट-बोल्ट, गॅस्केट, बेअरिंग, प्रत्येकाचं बिन कार्ड. आलं किती, दिलं किती, शिल्लक किती. कोरी उरलेली दोन-चार कार्डं घरात होती, त्यातल्याच एकाच्या पाठीवर लिहायला बसलो. रामेश्वर. लेह. पेटी शिकणे. कोकणातलं मूळ गाव. आणि पाचवी, नर्मदा परिक्रमा. लिहून झाल्यावर कार्ड सहज उलटलं तर समोर छापलेला ‘शिल्लक’चा रकाना. साठीनंतर या रकान्यात काय भरतात, हे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

आपल्याकडे या वयाला वेगळीच सूचना आहे. मनुस्मृती म्हणते, अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड पाहिलं की गृहस्थाने वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांकडे सोपवावं, नाहीतर बरोबर न्यावं. हे बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे मलाही स्टोअर्सच्या सामानातच धरलं की.’’ त्यावर मनूकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नव्हतं. शिवाय मुलाला अजून मूल नाही, म्हणजे तिसऱ्या अटीवर माझा अर्ज तसाही नामंजूर!

पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. शास्त्र ज्या वयात इच्छा कमी करायला सांगतं, त्याच वयात इच्छांची यादी करायची? ययातीने पोराचं तारुण्य उसनं घेतलं, वर्षानुवर्षं भोगलं, आणि शेवटी कबूल केलं की तूप ओतून आग विझत नाही. मग माझं लेह म्हणजे तुपाचा आणखी एक चमचा का?

उत्तर सुचलं ते गोलबाजारच्या दत्तमंदिरात, दुसऱ्याच कुणाच्या तरी सत्यनारायणात. गुरुजी संकल्प सांगत होते. नर्मदेचा उत्तर तीर, मग संवत्सर, मास, तिथी, वार, मग यजमानाचं गोत्र आणि नाव. कोण, कुठे, आज कोणता दिवस, सगळं पक्कं. माझ्या कार्डावर यातलं काहीच नव्हतं, सगळा ‘कधीतरी’चा कारभार. आणि संकल्प आपण करतो म्हणत नाही, सोडतो म्हणतो. पळीतलं पाणी तळहातावर घेऊन ताम्हनात सोडायचं. कामाला लागण्याआधीच काहीतरी हातातून जातं. एवढ्या वर्षांत शेकडो वेळा तो शब्द वापरला, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

‘कधीतरी’वर न ठेवणारे आमच्याच गावचे अमृतलाल वेगड घ्या. चित्रकलेचे शिक्षक. पन्नाशी गाठत असताना, १९७७ मध्ये, जबलपूरहून मंडल्याकडे चालू लागले आणि पुढे टप्प्याटप्प्याने नर्मदाकाठ पालथा घातला. निवृत्तीची वाट पाहिली नाही ते बरंच झालं. त्या पहिल्या वाटेचा मोठा भाग नंतर बरगी धरणाच्या पाण्याखाली गेला. आज कुणाच्या यादीत ती वाट असली तरी पाय टेकायला जमीन कुठे आहे?

परिक्रमेचा हिशेब तर स्टोअरकीपरला चक्रावून टाकणारा. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ धरून त्याच्या दुपटीहून जास्त चाल. शास्त्रोक्त मुदत ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस. नदी कायम उजव्या हाताला, आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. आमच्या जबलपूरच्या ग्वारीघाटावर उभं राहिलं की समोरच्या काठावर गुरुद्वारा दिसतो. नावेने दहा मिनिटं. पण ग्वारीघाटावरून परिक्रमा उचलली, तर तोच गुरुद्वारा गाठायला आधी अमरकंटकपर्यंत शेकडो किलोमीटर चढत जायचं, उगमाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. तिथून पुढे समुद्र आहेच. आणि इतकं करून शेवटी पोचायचं कुठे, तर पुन्हा ग्वारीघाटाच्या त्याच पायरीवर. काट मारायला जागाच नाही.

मागच्या सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं घाटावर गेलो होतो. कार्ड खिशात होतं. रामेश्वर आणि लेह मी आधीच खोडले होते. पेटी ठेवली, कारण ती शेजारच्यांकडे धूळ खात पडली आहे आणि शिकवणारेही तेच आहेत. पाचव्या ओळीपुढे एक तारीख लिहिली होती, चातुर्मास संपल्यानंतरची. बायकोला अजून दाखवली नव्हती.

नावाड्याने हाक दिली, ‘‘उस पार चलेंगे, बाबूजी? गुरुद्वारा?’’

मी घुटमळलो. परिक्रमा करायची ठरवलेल्या माणसाने मैया ओलांडावी का? बायकोने माझ्याकडे बघितलं, खिशाकडे बघितलं. कार्ड बहुधा तिने धुवायच्या कपड्यांत आधीच वाचलं असावं.

‘‘संकल्प अजून सोडला नाहीये ना?’’ ती नावेत पाय टाकत म्हणाली. ‘‘मग चला. लंगर संपेल.’’